फोन मार्चमध्ये करा, वादळात नको

पत्र

नमस्कार,

माझ्या मुलीचं सासर दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या एका गावात आहे. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि पुढच्याच वर्षी निसर्ग वादळ झालं. घराची अर्धी कौलं उडाली, वीस गुंठ्यांतली सुपारी आडवी झाली. आठ दिवस आम्हाला तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही. तेव्हापासून टीव्हीवर ‘अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र’ एवढं म्हटलं तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. परवाही तसंच झालं. दिवसभर तिला फोन करत राहिले, शेवटी जावई चिडून बोलले. तिचे सासरे सत्तरीच्या पुढचे. ते म्हणतात, “निसर्गात घर सोडलं नाही, आता काय सोडतोय.” मी मुलीला म्हटलं, नातवाला घेऊन पावसाळ्याचे चार महिने इकडे ये. तर म्हणाली, “आई, तू दर वेळी हेच बोलतेस, म्हणून मी तुला काही सांगतच नाही.” माझं काय चुकलं? आणि इतक्या लांबून आम्ही करायचं तरी काय? पुन्हा तशी वेळ आली तर आमच्या भिशीतल्या बायका मिळून शंभरेक चादरी पाठवायच्या म्हणतोय. पाठवू का?

एक आई, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, जावयांच्या चिडण्यापासून सुरुवात करते. वादळाचा इशारा आला की किनाऱ्यावरच्या घरात वीज जाणार हे धरूनच चालतात. बऱ्याचदा महावितरण आपणहून पुरवठा बंद करतं, तुटलेल्या तारेवर कोणाचा पाय पडू नये म्हणून. त्यानंतर फोनमध्ये उरलेल्या बॅटरीवरच सगळं. टॉवरही बॅटरीवर आणि डिझेलवर काही तासच तग धरतात. अशा वेळी तुमचा प्रत्येक फोन त्या घरातली थोडी बॅटरी खातो, आणि वर पत्रे बांधत असलेल्या माणसाला खाली उतरवतो. जावई तुमच्यावर नाही हो, वेळेवर चिडले.

मुलीशी आजच ठरवून टाका: वादळाच्या दिवसांत सकाळी एक मेसेज, संध्याकाळी एक मेसेज, ‘ठीक’ एवढाच. साधा एसएमएस. फोन लागत नसताना तो कधी कधी जातो. तिने पाठवायचा, तुम्ही विचारायचं नाही. दोन्हींकडच्या नातेवाइकांनी तिला न विचारता तुम्हाला विचारायचं. आणि मेसेज आला नाही तर? निसर्गनंतर कोकणातल्या कित्येक गावांत आठ-आठ दिवस रेंज नव्हती, वीज तर काही ठिकाणी महिना उलटला तरी आली नव्हती. त्या गावांतली बहुतेक माणसं धडधाकट होती, फक्त त्यांचा आवाज बाहेर येत नव्हता. तुमचे आठ दिवस कसे गेले असतील ते कळतं मला. पण तेव्हाही मुलगी सुखरूप होती, हेही त्याच आठ दिवसांतलं आहे.

आता टीव्हीचं. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे वादळ नाही. अरबी समुद्रात अशी क्षेत्रं तयार होत राहतात. काही विरतात, काही ओमान-येमेनकडे निघून जातात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, आणि तेव्हाच त्याचं बारसं होतं. नावं १३ देशांनी मिळून केलेल्या यादीतून येतात. ‘निसर्ग’ हे बांगलादेशने सुचवलेलं नाव. ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा ते ‘तीव्र’च्या पायरीवर होतं, अतितीव्रसुद्धा नाही. तेवढ्यानेच श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीच्या वाड्या, म्हणजे घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागा, झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते त्याहून कितीतरी जोरदार होतं, पण ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत धडकलं. तेव्हा नुसता वेग ऐकून काही कळत नाही, वाट कुठली ते बघावं लागतं.

म्हणून तुमच्यासाठी एक नियम: नाव पडेपर्यंत टीव्ही बंद. नाव पडलं की वादळाची वाट कुठली ते हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बघायचं. किनाऱ्याला सावध करणारा संदेश साधारण ४८ तास आधी येतो, प्रत्यक्ष इशारा २४ तास आधी. तोवर वृत्तवाहिन्या जे दाखवतात त्यातला निम्मा वेळ तोच तो गोल फिरणारा ढग आणि छत्री उलटी झालेला वार्ताहर असतो. फोनमध्ये सरकारचं ‘सचेत’ अॅप टाकून घ्या आणि त्यात जिल्हा रत्नागिरी निवडा.

अर्थात हा नियम वाऱ्यापुरता. पावसाला नाव लागत नाही, हे आपण सोलापूरकरांनी तरी विसरू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेला तो कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावर आला, त्याला कुठलंच नाव नव्हतं. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा माणसं गेली, आणि भीमा-सीनेकाठी काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. समुद्र शेकडो किलोमीटरवर असला तरी तो इथवर येतो. तेव्हा विहीणबाईंना ‘तुमच्या तिकडचं वादळ’ म्हणत असाल तर ते सोडा.

तुमच्या ‘चार महिने इकडे ये’बद्दल जरा सविस्तर बोलते, कारण त्यात दोन चुका आहेत. एक महिन्यांची. अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम असतात: मे-जून, आणि पाऊस परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. निसर्ग जूनमधलं, तौक्ते मेमधलं, फयान ११ नोव्हेंबर २००९ चं. भर जुलै-ऑगस्टमध्ये खालचे आणि वरचे वारे उलटसुलट दिशांना इतक्या जोराने वाहतात की वादळाला उभं राहायलाच मिळत नाही. त्या महिन्यांत कोकणात दरडीची आणि पुराची भीती असते, पण ती वेगळी गोष्ट. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्ही तिला बोलावताय त्यांतला बराचसा काळ चक्रीवादळापुरता तिथे निवांत असतो.

दुसरी चूक जास्त लागणारी. तिच्या घरावर संकट आलं की तुम्ही तिला त्या घरातून बाहेर काढायला बघता. नवरा, सासू-सासरे, गाय, वाडी सगळं तिथे आणि ती एकटी पोराला घेऊन माहेरी. चाळीस माणसांच्या भावकीत ते कसं दिसेल हे ती जाणते. तुम्ही माया म्हणून म्हणता. तिच्या कानावर मात्र ‘तुझं घर राहण्यासारखं नाही’ असं पडतं. मग ती सांगायचं बंद करते. कौलं गळतात हे सांगत नाही, कर्ज काढलं हे सांगत नाही.

आता वरचे दोन हंगाम पुन्हा पाहा. मे-जून म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, शाळा जूनच्या मध्याला उघडते. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दिवाळी. नातवाने मे महिन्यात आजोळी यायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी परतायचं, यात कोणाला पळपुटेपणा दिसणार आहे? दिवाळीत लेक माहेरी येणार, हे तर रीतीतच आहे. वादळाचं नावही न काढता पोर दोन्ही धोक्याच्या काळांतले बरेच दिवस तुमच्या घरी असेल. फक्त मेमधल्या सोलापूरच्या उन्हात कोकणातलं पोर कोमेजतं, तेवढा कूलर दुरुस्त करून ठेवा. आणि एकदा विहीणबाईंनाही आग्रहाने बोलवा, सिद्धेश्वराच्या यात्रेला वगैरे. घराची ओळख आधी झालेली असली तर अडचणीत येणं सोपं जातं.

सासऱ्यांची समजूत सुनेच्या आईने काढायच्या भानगडीत पडू नये. ते निसर्गात घरात थांबले आणि वाचले. त्यांच्या दृष्टीने हा पुरावा आहे आणि तुमच्या बाजूला फक्त भीती आहे, तेव्हा वादात तुम्ही हरणार. पण अशी माणसं ‘घर सोडत नाही’ म्हणतात तेव्हा आत काय अडलेलं असतं ते जावयांना शोधायला सांगा. बहुधा चार गोष्टी निघतात. गोठ्यातली गाय. देवघर, दिवा कोण लावणार. मागे चोरी होईल ही धाकधूक. आणि या वयात शाळेच्या फरशीवर सगळ्या गावासमोर झोपायची लाज. यांतली एकही गोष्ट वादळाबद्दलची नाही, आणि चारही सुटण्यासारख्या आहेत. गुरांची दावी वेळेवर सोडायची म्हणजे ती आपली वाट काढतात. कोसळत्या गोठ्यात बांधलेलं जनावर मरतं. देव टोपलीत घेऊन जाता येतात. शाळेऐवजी गावातलं एखादं स्लॅबचं, समुद्रापासून आत, नारळाच्या पल्ल्याबाहेरचं घर आधीच ठरवता येतं. ते कोणाचं घर असावं हे सासऱ्यांनाच विचारायचं: “आबा, वेळ आली तर आईंना आणि पोराला कोणाकडे ठेवायचं?” असा प्रश्न आला की ते घर निवडतील, त्या घरमालकाशी बोलतील, आणि बायको-नातवाला सोडायला का होईना, तिथे जातील. गेल्यावर त्यांना तिथे बसवून ठेवायचं काम विहीणबाईंचं. गावातल्या पोलीस पाटलाने किंवा बंदरावरच्या एखाद्या जाणत्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, शब्द टाकला तर आणखी बरं. वाऱ्याच्या बाबतीत कोकणातला वाडीवाला अशा दर्यावर्दी माणसाचं ऐकतो.

एक गोष्ट मात्र त्यांनाही बजावून सांगायला हवी. वादळाचा मधला भाग डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो. कधी उजेडही येतो. माणसांना वाटतं संपलं. कोणी गाय बघायला निघतं, कोणी शिडी लावून कौलं बघायला चढतं. आणि मग वारा उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने सुटतो. पहिल्या वाऱ्याने एका बाजूला कललेली झाडं दुसऱ्या वाऱ्यात मुळापासून येतात ती याच वेळी. ‘संपलं’ असं हवामान खातं किंवा तहसील सांगेपर्यंत दार उघडायचं नाही.

तुम्ही करायचं काय, ते आता. पैसे देणार असाल तर वादळ झाल्यावर देऊ नका, मार्चमध्ये द्या. आणि ‘छपरासाठी’ म्हणून द्या.

छप्पर वरून दाबल्याने जात नाही, खालून उचलल्याने जातं. वारा वळचणीखाली शिरतो, वरून जाणारा वारा ओढतो, आणि कडेच्या एक-दोन ओळी सुटल्या की बाकीचं छप्पर पत्त्यांसारखं निघतं. म्हणून खर्च आधी कडांवर करायचा. वळचणीच्या ओळी आणि आढ्यावरची कौलं रिपांना तारेने बांधून घ्यायची, वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने जखडायचे. पडवीवर पत्रे असतील तर गंजलेले हुक बदलायचे, कडेला हुकांमधलं अंतर कमी करायचं, खाली वायसर घालायचा. आपल्याकडे यंत्रमागाच्या शेडवर वळवाच्या पावसाच्या भीतीने पत्र्यावर दगड ठेवतात, तसले दगड तिथे अजिबात नकोत. शंभराच्या वाऱ्यात तो दगड शेजाऱ्याच्या घरात जातो. घराला टेकलेला पोकळ, वाळका माड असेल तर तो मेच्या आधी उतरवायचा, आणि बाकीच्या माडांच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ काढून घ्यायचे. ही कामं एप्रिलपर्यंत उरकतात ती बरी, कारण मेमध्ये सुतार-गवंडी अख्ख्या गावाला एकाच वेळी हवे असतात. वादळानंतर तर पत्रा, कौल, हुक यांची टंचाई होऊन भाव दुकानदार म्हणेल तो. मार्चमधल्या दोन हजार रुपयांच्या तारेचं काम जूनमध्ये वीस हजारांतही होत नाही.

घराचा विमाही विचारून पाहा. २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही धरलेले आहेत. घर जसं आहे तसं सांगायचं, मातीच्या भिंती असतील तर मातीच्या. लपवलं तर नुकसानीच्या वेळी तेच आडवं येतं.

खाण्यापिण्याचं तुम्हाला काय सांगायचं! पण एक गोष्ट सोलापूरची म्हणून सांगते. आठ दिवस वीज नाही, चूल ओली, गॅस संपत आलेला, अशा घरात काय टिकेल? तर आपली कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, शेंगाचटणीबरोबर. ना शिजवायचं, ना गरम करायचं. फक्त कोकणातल्या दमट हवेत ती दोन दिवसांत मऊ पडते आणि मग बुरशी धरते. तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत नको, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा मेणकापडात बांधून. मेच्या पहिल्या आठवड्यात एक डबा पाठवा. वादळ आलं नाही तर पोरं खातील. पाण्याचं मात्र तिथल्या लोकांनीच बघायचं आहे: विहिरीवर पंप असतो, वीज गेली की विहीर भरलेली असून घरात पाणी नाही. रहाट किंवा निदान पोहरा-दोर जागेवर आहे का ते मुलीला विचारा. वादळानंतर विहिरीत पाला, मेलेले उंदीर, कधी खारं पाणीही जातं. ग्रामपंचायतीकडून टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकून घेईपर्यंत उकळूनच प्यायचं.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली. सांगोला-मंगळवेढ्याचा दुष्काळ, गारपीट, भीमेचा पूर, सगळ्यांचे पंचनामे टेबलावरून गेले. त्यामुळे पुढचं जरा जास्त जीव तोडून सांगते. मदत अडते ती बहुतेक वेळा कागदावर, आणि कोकणात तर फार. तिथला सातबारा सामाईक असतो. आजोबांचं नाव अजून वर, खाली बारा हिस्सेदार, त्यांतले आठ मुंबईत आणि दोघांचा पत्ता नाही. पंचनामा झाला, रक्कम मंजूर झाली, की हिस्सेदारांची संमतीपत्रं आणा म्हणतात. घरावर ताडपत्री घालून बसलेल्या माणसाने तेव्हा बोरिवली-विरारची दारं ठोठवायची! निसर्गनंतर हे घरोघर झालं. तुमच्या व्याह्यांकडे काय परिस्थिती आहे ते जावयांना विचारा. वारसनोंद राहिली असेल तर ती करून घ्या. सगळे हिस्सेदार गणपतीत किंवा शिमग्याला गावी येतातच, तेव्हा एका बैठकीत संमतीपत्रं होतात. सातबाऱ्यावर माड किती, सुपारी किती, आंबा किती याची नोंद आहे का तेही पाहायचं. नोंदच नसेल तर पडलेलं झाड सरकारदरबारी कधी उभंच नव्हतं.

दर वर्षी मेमध्ये फोनवर घराचे चारही बाजूंनी, छपराचे, गोठ्याचे आणि वाडीतल्या प्रत्येक ओळीचे फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. त्यांचा फोन भिजला तरी तुमच्याकडे राहतील. सातबारा, घराचा नमुना ८, आधार, पासबुक यांचेही. नुकसान झाल्यावर येण्या-जाण्याची वाट मोकळी करायची, पण आडवी झाडं तोडून जाळायच्या आधी फोटो, आणि फोटोत घरचा माणूस उभा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, गावात अजून तलाठीच म्हणतात. नाव काहीही असो, त्या आठवड्यात त्या एका माणसाच्या अंगावर तीन-चार गावं असतात. त्याच्यावर ओरडण्यापेक्षा आपली यादी लिहून तयार ठेवलेली असली की तो आपल्याकडे आधी बसतो. हा टेबलापलीकडचा अनुभव.

रकमेच्या आशेवर मात्र फार राहू नका. २०२० मध्ये सरकारने बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरी वाटते. वीस गुंठे म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा, दहा हजार रुपये. त्यात अडीचशे सुपारी धरली तर झाडामागे चाळीस रुपये. हेक्टरचं माप आपल्याकडच्या रानाला ठीक आहे, कोकणातल्या वाडीला लागू होत नाही. तिथली माणसं झाडामागे मदत मागत होती ती उगाच नाही. आणि सुपारी मोडली की मोडली, तिला खालून फूट येत नाही. नवी लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. तुमच्या मुलीच्या घरी निसर्गचा हिशोब अजून पुरता मिटलेला नसणार. तिथे केळी लावून मधली वर्षं काढतात, उभ्या राहिलेल्या झाडांवर मिरी चढवतात, सावली झाली की जायफळ. दापोलीलाच कोकण कृषी विद्यापीठ आहे, खात्रीची रोपं आणि सल्ला तिथे मिळतो. जावई गेले नसतील तर जायला सांगा. तुम्हाला भेट द्यायचीच असेल तर नातवाच्या वाढदिवसाला सोन्याच्या अंगठीऐवजी रोपांचे पैसे द्या.

वादळ झालंच, तर लगेच गाडी काढून निघू नका. ताम्हिणी काय, आंबेनळी काय, घाटात झाडं आणि दरडी, पुढे पेट्रोल नाही, आणि तुम्ही पाच जण पोचलात तर त्या घरात पाच जणांचा स्वयंपाक वाढतो. रस्ता खुला झाल्याची खात्री झाली की घरातले दोन धट्टेकट्टे पुरुष जाऊ देत, आपलं जेवण, पाणी, बॅटऱ्या, आणि मिळाला तर लाकूडकापणीचा कटर घेऊन. कटर चालवता येत असेल तरच. वादळात माणसं जखमी होतात तशी नंतरही होतात, छपरावरून पडून, ताणलेली फांदी उसळून, नाही तर ढिगाऱ्यातला साप चावून. चिखलात हात घालणाऱ्याने बूट आणि हातमोजे घालावेत. ताप आला तर ‘दगदगीचा’ म्हणून अंगावर काढू नये, कोकणात लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असतो. आरोग्य केंद्रात लगेच जायचं.

तुमची स्वतःची जायची वेळ महिन्या-दीड महिन्यानंतरची. तोवर पुढारी, कॅमेरे, संस्थांचे टेम्पो येऊन गेलेले असतात. घरात सगळे एकमेकांवर करवादत असतात, आणि सासरे वाडीत जाऊन नुसते बसतात. तेव्हा जा, आठवडाभर राहा. मुलीला स्वयंपाकघरातून सुटी द्या. व्याह्यांना, कुठलं झाड कधी लावलं होतं ते विचारा. ते सांगत बसतील. त्यांना डॉक्टरकडे न्यायची गरज आहे का, हे मुलीपेक्षा तुम्हाला लवकर दिसेल. झोप नाही, जेवण नाही, ‘आता कशाला जगायचं’ असं तोंडी येऊ लागलं, तर वाट बघू नका.

आता चादरी. सोलापूरकर असून सांगते, पाठवू नका. निदान जूनमध्ये तरी नको. आपली चादर जाड सुताची. कोकणात पाऊस सुरू झाला, डोक्यावर छप्पर नाही, की ती एकदा भिजली तर आठवडाभर वाळत नाही. ओली चादर अंगावर घेता येत नाही आणि टाकवतही नाही. वादळानंतर आलेल्या कपड्यांचे ढीग कुजतात ते असेच. त्याऐवजी मार्केट यार्डाजवळ कांदा झाकायला ज्या जाड ताडपत्र्या मिळतात, त्या घ्या. कडेला पितळी डोळे असलेल्या, आणि सोबत नायलॉनची दोरी. पहिल्या पावसात त्या घराला याहून मोठी मदत नाही. भिशीचे पैसे आत्ताच ताडपत्रीत घाला, दहा नग घेऊन मुलीच्या गावी एखाद्या स्लॅबच्या घरात किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. लागतील तेव्हा ट्रान्सपोर्ट चालू असेलच असं नाही. चादरी द्यायच्याच असतील तर छपरं झाल्यावर, गणपती आटोपले की, कोणाकडे किती माणसं आहेत ते मुलीकडून विचारून घेऊन.